बैल सोडायचेच, तर दिवसा सोडा

मा. संपादक,
स. न.

मागच्या हंगामात मोहोळकडच्या आमच्या शेताशेजारी ऊसतोडीची टोळी उतरली होती. एका सकाळी मजुरांच्या कोप्यांपाशी (झोपड्यांपाशी) गलका ऐकू आला म्हणून गेलो, तर एका जोडप्याच्या टायरगाडीचं जू जमिनीला टेकलेलं, दावी कापलेली आणि बैल गायब. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. शहरातल्या चार-पाच पोरांनी बैल टेम्पोत घालून गोशाळेत पोहोचवले होते. बैलांचे डोळे अगदी जवळून दाखवलेले, पोरांचे चेहरे मात्र धूसर केलेले.

बैलांचे हाल होते, हे खरं. एकाच्या खांद्यावर जू घासून आलेलं मोठं आवाळू (गाठ), त्यावर हळद चोपडलेली आणि त्यावरच पुन्हा जू. मी रोज बघत होतो आणि गप्प होतो, त्यामुळे पोरांना नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. कायद्याकडं जावं, तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. १९६५ चे नियम सांगतात की ओढकामाच्या जनावराला दिवसात नऊ तासांहून जास्त जुंपू नये आणि पारा ३७ अंशांवर असेल तिथं दुपारी बारा ते तीन तर जुंपूच नये. मार्चच्या उन्हात हा नियम पाळताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

पण दावं कापलं ते कुणाचं? त्या जोडप्यानं मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, मजुरी टनावर. खेप हलकी भरली तर उचल फिटत नाही, म्हणून गाडी वाकेपर्यंत भरायची. बैल परत मिळेपर्यंत सहा दिवस ती दोघं दुसऱ्यांच्या गाड्या भरून देत होती. मुकादमाचं काही बिघडलं नाही, कारखान्याचंही नाही.

ब्रिटनमध्ये १९७६ साली ‘ॲनिमल लिबरेशन फ्रंट’ सुरू झाली. कुठल्याही जिवाला इजा करायची नाही, पण रात्री प्रयोगशाळा फोडून प्राणी सोडवायचे, ही तिची रीत. आपली पोरं तेच करू पाहतात. मला ते पटत नाही. आपल्याच सोलापुरात मे १९३० मध्ये, इंग्रजांविरुद्धच्या कायदेभंगात, लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले, ते दिवसाढवळ्या. कायदा मोडत होते सरकारचा, आणि पकडले जाणार हे ठाऊक असून. पुढं मार्शल लॉ आला, चौघं फासावर गेले. या गावात कायदेभंग म्हटला की तोंड झाकून चालत नाही. शिवाय तो गरिबाच्या कोपीशी करायचा नसतो.

पोरांनी कारखान्याच्या वजनकाट्यासमोर बसावं. भरलेल्या गाड्या अडवाव्यात, आवाळवांचे फोटो नाव-गावासह पोलिसांत द्यावेत, अटक झाली तर व्हावी. त्यासाठी रस्ता अडवण्याचा गुन्हा दाखल झाला, तरी मी त्याला पाप म्हणणार नाही.

यंदा मार्चमध्ये कुणी दुपारी बाराला तिथं बसणार असेल, तर जरूर कळवावं. माझं नाव-पत्ता आपल्याकडं दिलेला आहे. थर्मामीटर मी घेऊन येतो.

– एक वाचक, जुळे सोलापूर