आबांच्या अंगातलं जाकीट

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून असं उघड्यावर लिहितेय. मुंबई दूरदर्शनच्या पडद्यावरची तुमच्या हाताची अक्षरं अख्ख्या मुंबई-पुण्याने वाचली, पण तुमचं नाव कुणाला ठाऊक नाही. तुम्हीच बजावलंत म्हणून इथेही ते लिहीत नाही.

डोंबिवलीला तुमच्या घरी आले तेव्हा माझा प्रश्न एकच होता. 1978 साली माझे वडील, आबा, मुंबई दूरदर्शनवर ‘आमची माती आमची माणसं’मध्ये अंजिराच्या बागेविषयी बोलले होते. त्याची टेप कुठे मिळेल का? त्याआधी दोन वर्षं मी अर्ज करत होते. एका कचेरीत तर पहिल्याने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने विचारलं, “तुम्ही पहिल्यांना भेटलात का?” तुम्ही मात्र चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगून टाकलंत, “स्टुडिओतून थेट गेलं असेल तर टेप मुळात झालीच नसेल. शोधू नका आता.” मग सावकाश समजावलंत. टेप तेव्हा फार महाग होती. एकीवर एक कार्यक्रम, तो पुसून दुसरा, असा हिशेब. बाहेरचं चित्रण 16 मिलिमीटरच्या फिल्मवर व्हायचं, ती आधी धुवायची, मग कापायची, जोडायची. संध्याकाळचा कार्यक्रम हवेत गेला की गेला.

ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला सरळ उत्तर दिलं होतं.

मग तुम्ही म्हणालात, “तुम्हाला काय आठवतंय ते सांगा.” मी तेव्हा सात वर्षांची. आमचं गाव पुरंदर तालुक्यात. मुंबई केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, म्हणजे ऐन दुष्काळाच्या साली. दिल्लीत 1959 पासून टीव्ही होता, त्यानंतर देशातलं दुसरं केंद्र आपलं. आमच्याकडे त्या साली विहिरी कोरड्या होत्या, टीव्हीची वार्ताही नव्हती. 1973 मध्ये सिंहगडावरून मुंबईच्या कार्यक्रमांचं सहक्षेपण सुरू झालं आणि वरळीच्या केंद्राचं चित्र आमच्या डोंगराळ मुलखात पोहोचलं. तेही सगळ्यांना नाही. ज्या गावाला सिंहगड दिसतो त्याला चित्र दिसतं, जे डोंगराआड ते मुंग्या बघतं. आमच्या ग्रामपंचायतीचा संच लाकडी कपाटात कुलपात असायचा, किल्ली शिपायाकडे. त्या संध्याकाळी तो वेळेवर आला, हेच गावात दोन दिवस बोललं गेलं.

आबा दिसले. खाली पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव आलं. आजीला वाचता येत नव्हतं. तिने शेजारच्या गुरुजींना विचारलं, “काय लिवलंय?” गुरुजी उत्तर देईपर्यंत अक्षरं गेलीसुद्धा. आबा काय बोलले ते कुणालाच धड आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्यांच्या अंगात एक काळपट जाकीट होतं. आमच्या घरात असं जाकीट नव्हतं. आबा पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी घालून एसटीत बसले होते, सोबत अंजिराची पाटी. परत आले तेही तसेच. आई पुढे कैक वर्षं चिडवायची, “मुंबईला जाऊन कुणाचं जाकीट घालून आला?” आबा नुसते हसायचे. ते 2003 साली गेले आणि जाकिटाचं कोडं तसंच राहिलं.

तुम्ही हसायला लागलात. “अहो, ते जाकीट मेकअपरूममध्ये खुंटीला असायचं!”

काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या कॅमेऱ्याला शुभ्र पांढरं झेपायचं नाही, हे मला कुठे माहीत! पांढऱ्यावर दिवे पडले की कापड फाकायचं, कडा विरघळायच्या आणि त्यामानाने माणसाचा चेहरा काळाठिक्कर. शहरातल्या पाहुण्यांना आधी सांगता यायचं की फिकट निळं, राखाडी घालून या. शेतकरी मात्र मुंबईला जायचं म्हणून नीळ दिलेले, कडक इस्त्रीचे कपडे घालून यायचे. त्यांना कपडे बदला कसं म्हणायचं? म्हणून जाकीट. मध्यम मापाचं, कुणालाही चालेल असं. तुम्ही म्हणालात, त्या जाकिटाने निम्म्या महाराष्ट्राची शेती केली. आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “म्हंजे इतकी वर्षं मी उगाच बोलले त्यांना.”

काका, मी तुम्हाला आबांचा फोटो दाखवला होता. तुम्ही चष्मा पुसून नीट पाहिलात आणि म्हणालात, “नाही हो, आठवत नाहीत.” दुसरं कुणी असतं तर मला बरं वाटावं म्हणून हो म्हणाले असते. त्या नाहीमुळेच तुमचं बाकीचं सगळं मला खरं वाटलं.

मग तुम्ही तुमच्या कामाचं सांगितलंत. कॉम्प्युटर नव्हता तेव्हा पडद्यावरचं प्रत्येक अक्षर कुणीतरी ब्रशने काढलेलं होतं. काळं कार्ड, पांढरा पोस्टर कलर. कार्ड स्टँडवर, त्याच्यासमोर एक कॅमेरा. कॅमेऱ्यांची चित्रं एकत्र करणाऱ्या मिक्सरवर ते चित्र दुसऱ्या चित्रावर चढवलं की काळं गळून जातं आणि पांढरी अक्षरं माणसाच्या छातीखाली उरतात. कडेला भरपूर जागा सोडायची, कारण घरोघरचे संच चित्राच्या कडा खातात. आणि शिरोरेघ जाड! हे तर मी कुणालाही सांगत सुटलेय. आपलं चित्र 625 रेषांचं, त्यातही एका फेरीत विषम रेषा उमटतात, दुसऱ्या फेरीत सम. शिरोरेघ बारीक काढली तर ती एकाच फेरीत सापडते आणि पडद्यावर थरथरते. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना ही फिकीर आपल्याइतकी नव्हती. देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघ, तेव्हा ती दोन-तीन रेषा व्यापेल एवढी हवीच. हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतंत, स्वतःची कार्डं मॉनिटरवर थरथरताना पाहून शिकलात.

‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटीही तुम्ही काढली होतीत म्हणे. “माझी सर्वांत जास्त पाहिली गेलेली कलाकृती,” असं अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात.

जुन्या दूरदर्शनचा विषय निघाला की लोक करमणुकीचा ‘गजरा’ काढतात, ‘चिमणराव’ मालिका काढतात, तिच्यातले प्रभावळकर आणि बाळ कर्वे काढतात, बातम्या वाचणारी स्मिता पाटील काढतात, गुरुवारचं सिनेगीतांचं ‘छायागीत’ तर हमखास. काढोत बापडे, मलाही ते आवडायचंच. पण त्याच केंद्रावर ‘कामगार विश्व’ होतं, गुजराती माणसांसाठी ‘संताकुकडी’ होतं, ‘ज्ञानदीप’ होतं, ज्याच्या प्रेक्षकांनी गावोगाव मंडळं काढली. त्यांची आठवण निघाली तर थट्टेतच निघते. शेतीच्या कार्यक्रमाची तर फारच. वीस मिनिटं कांद्यावरचा करपा कोण बघणार, वगैरे. आमच्या गावात बघत होते, काका. आबांचं ऐकून दोघांनी अंजीर लावलं, त्यातली एक बाग त्यांचा नातू आजही करतो. एक दुपार तुमच्याशी बोलल्यावर माझं मत झालंय, की त्या केंद्राचं सर्वांत सचोटीचं काम हेच होतं. तुम्ही मानेने नाही म्हणालात, तुमचं मत ‘गजरा’ला. असू दे.

पुढचं मीही पाहिलंय. 1982 ला रंग आला आणि जाकीट बहुधा खुंटीवरच राहिलं. 1994 मध्ये मराठीची स्वतंत्र वाहिनी झाली, 2000 साली तिला ‘सह्याद्री’ नाव मिळालं. तुम्ही तोवर ब्रश ठेवून कीबोर्डवर बसला होतात आणि तुमच्या शब्दांत, “टायपिस्ट झालो होतो.”

निघताना तुम्ही थांबवलंत. कपाटावरून काळ्या कार्डांचा जुना गठ्ठा काढलात, पोस्टर कलरची बाटली नातवाची. आबांचं पूर्ण नाव विचारलंत. मग विचारलंत, “वेलांटी पहिली की दुसरी?” मी अडखळले. तुम्ही ब्रश वर धरून बसलात. “चुकीचं नाव पडद्यावर गेलं की माणूस जन्मभर विसरत नाही. घरी विचारा.” मी आईला फोन लावला. पहिली. मग तुम्ही लिहिलंत. एक्क्याऐंशीव्या वर्षी हात सुरुवातीला जरा हलला, पण शिरोरेघेला लागल्यावर एका दमात ओढलीत. वाळेपर्यंत आपण दोघं काही बोललो नाही.

ते कार्ड आता गावी आहे. आईने फ्रेम करू दिलं नाही, काचेत चकाकतं म्हणाली. देवघराशेजारच्या कोनाड्यात उभं केलंय. माझ्या भाच्याने परवा आबांचा फोटो मोबाइलवर घेऊन त्यावर हे नाव चढवून दाखवलं, काळं गळून गेलं आणि अक्षरं छातीखाली बरोबर बसली. आईने ते तीनदा बघितलं.

पैशाचं मी बोलले त्याबद्दल क्षमा असावी, तुमचा चेहरा उतरला ते पाहिलं. मिठ्या बहाराचं अंजीर सुरू झालंय. आईने तुमच्यासाठी पाटी बाजूला काढायला सांगितलीय, पण अंजीर दोन दिवसांवर टिकत नाही. तेव्हा शनिवारी घरी आहात ना, तेवढं कळवा. सकाळच्या गाडीने येते.

तुमची,
पुरंदरची अंजिरवाली