ऑपरेशनच्या आधी मोहनला

माशेल,
गुरुवार, रात्र

चि. मोहन यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर माझा आवाज चढला आणि तू फोन ठेवून दिलास, म्हणून हे पत्र. कागद उलट बोलत नाही, असे तुझे बाबा म्हणायचे. सिगारेटचा विषय काढायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसले आहे.

तुझा प्रश्न साधा होता. खांद्याची फाटलेली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, नीट जुळावी म्हणून सर्जनला काय काय करता येते, आणि त्यातले आपण काय मागून घ्यावे? ३१ वर्षे थिएटरात सिस्टर म्हणून उभी राहिले, तेव्हा एवढे तरी मला सांगता आले पाहिजे.

आधी हे लक्षात घे की कंडरा ओढून हाडावर बसवणे हा या कामाचा सोपा भाग आहे. बॉस्टनच्या डॉ. कॉडमन यांनी १९११ साली अशा दुरुस्तीवर लिहिले. मी नोकरीला लागले तेव्हाही खांदा उघडूनच हे काम होई. आता दुर्बिणीने चार-पाच छोट्या छिद्रांतून होते. अडचण मात्र तेव्हाचीच आहे. मूळ जोडात कंडरा, मऊ कूर्चा, चुना धरलेली कूर्चा आणि हाड असे चार थर एकमेकांत मुरलेले असतात. ऑपरेशननंतर ते थर पुन्हा तसे तयार होत नाहीत, तिथे जखम भरल्याचा व्रण तयार होतो आणि त्या व्रणावरच पुढे सगळा हात चालतो. टाके आणि हाडात रोवलेले अँकर (दोरा धरणारे छोटे खिळे) यांनी तो व्रण पक्का होईपर्यंत कंडरा धरून ठेवायची असते. पुन्हा फाटणाऱ्या कंडरा बहुतेक पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच फाटतात.

म्हणून सर्जन अँकरची एक ओळ घालतात किंवा दोन. दोन ओळींमध्ये दोरे पुलासारखे ताणले की कंडरा हाडाच्या रुंद जागेवर दाबून बसते, आणि मोठ्या फाटीत ती जास्त वेळा जुळलेली दिसते. पण घट्ट म्हणजे चांगले, असे समजू नकोस. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला आंबाड्यांचा घोस केवणीच्या सालीच्या दोरीने फार आवळला की देठच कापला जातो, हे तू दहा वर्षांचा असताना मला दाखवले होतेस. कंडरेचेही तसेच आहे. ती ओढून ताणून बसवली किंवा गाठ फार आवळली, तर गाठीखालचे रक्त थांबते आणि आतल्या ओळीजवळ ती तुटते. चांगला सर्जन आधी चिकटलेल्या जागा सोडवून कंडरा सैल करतो आणि मगच बांधतो. तुझे डॉक्टर हे करतात, मी चौकशी केली आहे. कोणाकडे केली ते विचारू नकोस.

आता तुझे आवडते मुद्दे. स्वतःचे रक्त फिरवून काढलेले पीआरपी (रक्तातला प्लेटलेट्सने भरलेला भाग) कुणाला उपयोगी पडते, कुणाला नाही. अभ्यासांचे निकाल उलटसुलट आहेत. वरून घालायची ती कोलेजनची पट्टी गाईच्या टाचेच्या कंडरेपासून केलेली असते आणि काही महिन्यांत विरघळते (आजीला हे सांगू नकोस). पातळ पडलेल्या कंडरेला ती जाडी देते, पण तिच्यामुळे तू दोन महिन्यांत कामाला लागशील, असे ज्याने सांगितले त्याच्याकडून लिहून घे. मला स्वतःला साधी गोष्ट पटते, ती म्हणजे कंडरा बसवण्याआधी तिथल्या हाडाला बारीक छिद्रे पाडणे. त्याने सगळ्यांनाच फायदा दिसला असे नाही, पण मी ते पडद्यावर पाहिले आहे. सर्जन पाण्याच्या पंपाचा दाब कमी करायला सांगत, आणि क्षणभराने पांढऱ्या हाडातून चरबीचे चकाकते थेंब आणि त्यामागून लाल रक्त झिरपू लागे. मज्जेतले ते रक्त तिथे गोठले की दुरुस्तीला लागणाऱ्या पेशी त्यात असतात. सगळी धडपड त्या रक्तासाठी असते. आणि तंबाखूने नेमक्या त्याच बारीक रक्तवाहिन्या आकसतात.

बघ, काढलाच विषय. क्षमा कर. पण सोमवारच्या आत भूल देणाऱ्या डॉक्टरांना दिवसाच्या सिगारेटींचा खरा आकडा सांग, मला सांगतोस तो नको.

नारळ पाडणारा एक पाडेली मला अजून आठवतो. दुरुस्ती उत्तम झाली होती, टाके मीच मोजून दिले होते. दुखणे थांबले म्हणून दोन महिन्यांत तो माडावर चढला. परत आला तेव्हा अँकर हाडात जसेच्या तसे होते, दोरा कंडरेतून लोण्यातून जावा तसा आरपार गेला होता. म्हणून सहा आठवडे हात उशीच्या पट्ट्यात राहील, नंतर फिजिओ सांगतील तसा हळूहळू उचलायचा आणि तीन महिने पुरे होईपर्यंत वजन घ्यायचे नाही. वेर्ण्यात तुझ्या हाताखाली बावीस माणसे आहेत, ती उचलतील.

४४ व्या वर्षी चिखलकाल्याच्या त्या चिखलातल्या खेळात उतरलास म्हणून मी रागावले खरी, पण पडण्याआधी तू देवकीकृष्णाच्या मैदानात पोरांच्या पुढे धावत होतास ते पाहून शेजारणीला 'तो माझा' म्हणून मीच दाखवले होते. बाबाही असेच धावत. त्यांचा खोकला सुरू झाला त्या वर्षीही ते धावले होते.

यंदा माटोळी गणू बांधील; तू खुर्चीवर बसून कुठे काय टांगायचे ते सांग. पुढून बटणे असलेले दोन सदरे शिवायला टाकले आहेत, डोक्यावरून घालायचे काही आणू नकोस. मापासाठी तुझा जुना निळा सदरा काढला, तेव्हा खिशात काडेपेटी सापडली. ती मी समईजवळ ठेवली आहे.

तुझी,
आई