कुदळ मारायच्या आधी

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर घराच्या बांधकामावरून बाबा चिडले आणि मी पण नीट बोलले नाही, म्हणून लिहितेय. सावकाश वाचा, आईला पण वाचून दाखवा.

बाबा, मिस्त्री म्हणतोय ना की आता गावात १६०० स्क्वेअर फुटापर्यंत परवानगीच लागत नाही, सोमवारी मागची भिंत पाडायला घेऊ, ते अर्धंच खरं आहे. २०२१ ला सरकारने ग्रामीण भागाला सवलत दिली हे बरोबर, आपल्या एवढ्या घरासाठी नगररचनाकाराकडे फाइल घेऊन हेलपाटे घालावे लागत नाहीत. पण कागद द्यावेच लागतात. मालकीचा कागद, जागेचा आणि घराचा नकाशा, बांधकाम नियमात बसतंय असं लायसन असलेल्या इंजिनिअरचं सर्टिफिकेट, आणि जे शुल्क असेल ते भरून हे सगळं ग्रामपंचायतीत द्यायचं आणि सही शिक्क्याची पोच घ्यायची. मग कुदळ. १६०० च्या वर ३२०० पर्यंत असेल तर ग्रामपंचायतीचा दाखला येईपर्यंत थांबावं लागतं, पण आपली जागा सगळी मिळून अकराशे फूट, तो प्रश्नच नाही.

नकाशा, सर्टिफिकेट होऊन जाईल हो. अडलंय ते पहिल्याच कागदावर.

दिवाळीत आले होते तेव्हा आईने लोखंडी पेटीतली ती कापडी पिशवी काढून दिली होती, घरपट्टीच्या पावत्या, वर्षावार लावून दोऱ्याने बांधलेल्या, एक पण गहाळ नाही. मी रात्री बसून सगळ्या बघितल्या. पैसे दरवर्षी बाबांनी भरलेत आणि नाव प्रत्येक पावतीवर आप्पा आजोबांचं. आप्पांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हा वारस नोंद करायची राहिली ती राहिलीच, त्यात तुमची चूक नाही, त्या वर्षी घरात काय चाललं होतं ते मला आठवतंय. पण आता आप्पांच्या नावावर बाबांना अर्ज करता येणार नाही.

आणि बाबा, तुम्ही तलाठ्याकडून जो ८ अ आणून ठेवलाय तो शेताचा. घराचा नमुना ८ ग्रामपंचायतीत मिळतो, दोन्ही वेगळे. तो सुद्धा घरपट्टीसाठी असतो, मालकीचा पक्का पुरावा धरत नाहीत. मागे चुन्याने हद्दी आखून गावावर ड्रोन फिरवलं होतं आठवतंय का, आई घाबरून पत्र्यावरची वाळवणं काढायला पळाली होती? ते स्वामित्व योजनेचं, त्यातून गावठाणातल्या घरांची प्रॉपर्टी कार्डं निघालीत. आपलं मी ऑनलाइन काढलं, त्यावर पण आप्पांचंच नाव. म्हणजे नोंद दोन ठिकाणी करायची, कार्डाला भूमी अभिलेखला आणि नमुना ८ ला ग्रामपंचायतीत. आप्पांचा मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र लागेल, दाखला त्याच पिशवीत खाली आहे, मी बघितलाय.

आता जे बोलायचं टाळत होते ते. वारसात तुम्ही, काका आणि आत्या, तिघांची नावं लागतात. तुम्ही म्हणालात आत्याला कशाला मधे आणायचं, ती कधी काही मागणार नाही. नसेल मागणार, पण हक्क तिचा पण आहे बाबा, तो कायद्याने आहे आणि मला विचाराल तर तसा पण आहे. तिला न सांगता प्रतिज्ञापत्रात दोघंच भाऊ लिहायचे हे मी होऊ देणार नाही. आधी तिचं नाव लागू दे, नंतर तिने स्वतःहून सोडायचं ठरवलं तर रजिस्टर हक्कसोडपत्र होईल, नाही ठरवलं तर तिघांच्या संमतीने अर्ज करू, घर तरी पण होईल. तुम्हीच फोन करा तिला, मी केला तर तिला वेगळं वाटेल.

दुसरं, जुन्या पायावरच भिंत उचलायची नाही. कार्डाच्या नकाशात आपली मागची पडवी हद्दीला अगदी चिकटून आहे आणि पागोळ्यांचं पाणी शेजारच्यांच्या अंगणात पडतं, त्यावरून आजीच्या वेळेपासून कुरबुर आहे. इंजिनिअरला सांगून भिंत आत घेऊ म्हणजे पाणी आपल्याच जागेत पडेल. खोली थोडी लहान होईल, चालेल. उद्या कोणी तक्रार केली आणि उभी भिंत पाडायची नोटीस आली, आणि या वयात तुम्ही फाइल घेऊन तालुक्याला उभे, हे मला बघवणार नाही. शिवाय लोन मी काढतेय, बँक पण कार्ड आणि पोच मागतेच.

मला पण घाई आहे. बाबांचे गुडघे असे आणि रात्री अंगण ओलांडून संडासला जायचं, पावसात तर माझा जीव टांगणीला असतो. म्हणून बाथरूम बाबांच्या खोलीला जोडूनच घेतोय आणि शोषखड्डा आडापासून लांब, समोरच्या कोपऱ्यात.

मी शनिवारी येते, इंजिनिअर रविवारी सकाळी टेप घेऊन येणार आहे. मिस्त्रीला तोपर्यंत थांबायला सांगा, त्याचा अॅडव्हान्स कुठे जात नाही. आणि आई, स्वयंपाकघराची खिडकी तुला रस्त्याकडे पाहिजे का परसाकडे ते ठरवून ठेव, नकाशात दाखवावी लागते.

तुमची,
ताई