गणिताचा तास अर्ध्यावर सोडावा लागला, म्हणून हे पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवते. तिसरी-चौथी एकाच खोलीत, मिळून 31 मुलं. काहींच्या घरी केळीच्या बागा आहेत, बऱ्याच जणांचे आईवडील कापणीच्या टोळीवर जातात. पाढे अडखळत म्हणणारं पोरही घडाला किती फण्या आहेत ते लांबून सांगतं. म्हणून यंदा मी केळीच वर्गात आणली.

खोडाचा आडवा काप मुलांनी नखांनी सोलला. आपण ज्याला खोड म्हणतो ते पानांचे एकमेकांवर गुंडाळलेले थर आणि खरं खोड जमिनीखालचा कंद, हे त्यांनी हातानेच शोधलं. भाषेच्या तासाला फळ्यावर घरचे शब्द आले: फणी, पील, केळफूल, मृगबाग, कांदेबाग. रावेर-सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीला जाते, ती वाट नकाशावर बोटाने शोधून झाली.

गणिताचं मात्र नीट सांगायला हवं. मैदानावर फक्की मारून 20 फूट लांब, 20 फूट रुंद असा चौकोन आखला. पाच बाय पाचवर लागवड केली तर किती झाडं बसतील? वहीत सगळ्यांचं उत्तर 16. मग म्हटलं, आता तुम्हीच झाडं व्हा. पहिल्या रेघेपासून दर पाच फुटांवर एकेक जण उभा राहिला आणि मोजले तर 25! वही खोटी की मैदान खोटं, यावरून असा गलका झाला की शेजारच्या वर्गातली पहिली-दुसरीची मुलं दारात आली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी तेवढ्यात म्हणाली, "बाई, बांधाला लागून कोणी लावतं का? अर्धं अंतर सोडतात." तिचे वडील मजुरीला जातात. तिने स्वतः पावलं टाकून अडीच फूट सोडले, मुलांना आत सरकवलं. बरोबर सोळा उभे राहिले.

मग 25 कुठून आले, हे विचारायची खरी वेळ तीच होती. तेवढ्यात फोन वाजला. वरून निरोप होता, बारा वाजेपर्यंत लिंक भरा, फोटो टाका. मी मुलांना आत बसवलं आणि माहिती भरत बसले. तो प्रश्न तसाच राहिला, याचं मला आजही वाईट वाटतं.

साहेब, शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. माहिती भरणं मात्र शैक्षणिक काम म्हणून त्यातून सुटतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक टप्प्यावर अनुभवातून शिक्षण हवं असं लिहिलं आहे. आमच्या फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं आणि पुढच्याच वर्षी वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार देशापुढे ठेवला. विचार जुना आहे, आम्हाला पटलेला आहे. साहित्याच्या पेट्याही आम्ही मागत नाही. सुतळी, फक्की, केळीचं खोड गावात फुकट मिळतं. हवा आहे तो सलग वेळ. असा तास पस्तीस मिनिटांत संपत नाही आणि मध्ये तुटला की पुन्हा जुळत नाही.

म्हणून एकच मागणी आहे. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत कोणतीही माहिती, लिंक, फोटो मागवू नये, असा स्पष्ट शासन निर्णय काढा. माहिती आम्ही देऊ, पण शाळा सुटल्यावर. आणि तपासणीला येणाऱ्यांनी फोटो मोजण्याऐवजी मुलांपाशी बसून त्यांना विचारावं.

येत्या सोमवारी मी मैदानावर पुन्हा फक्की मारणार आहे. 25 कुठून आले ते मुलांना शोधायचं आहे. त्या दिवशी माझा फोन कपाटात राहील, एवढी मुभा आम्हाला द्या.

आपली नम्र,
यावल तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षिका