‘खोर’ हा प्रत्यय कुणाला लावायचा?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या विदेशवृत्तांच्या पानावर अलीकडे एक बातमी वाचली. भर समुद्रात एका होडीतून वाचवलेल्या माणसांची. मथळ्यात ती माणसे ‘घुसखोर’ होती, पहिल्या परिच्छेदात ‘निर्वासित’ झाली, तिसऱ्यात ‘स्थलांतरित’ आणि शेवटच्या ओळीत चक्क ‘बेकायदा नागरिक’. होडी एकच, माणसे तीच. बातमी वाचून संपली तरी ती कोण होती, हे मला कळले नाही.

मी एका दैनिकात एकोणीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. रात्रपाळीत मथळा कसा ठरतो, हे मी जवळून पाहिले आहे. वृत्तसंस्थेचा इंग्रजी मजकूर उशिरा येतो, पान सोडायची वेळ झालेली असते आणि एका कॉलमात दोन ओळी बसवायच्या असतात. ‘घुसखोर’ चार अक्षरांत मावतो, ‘आश्रयासाठी अर्ज केलेले लोक’ मावत नाही. त्यामुळे उपसंपादकाच्या मनात कुणाविषयी आकस असतोच असे नाही, हे मी कुणालाही सांगेन. पण वाचकाला जागेची अडचण दिसत नाही, त्याला शब्द दिसतो.

आणि हा शब्द साधा नाही. ‘खोर’ हा प्रत्यय फारसीतून आला, मुळात त्याचा अर्थ खाणारा. लाचखोर, नफेखोर यांत तो अर्थ अजून दिसतो. पुढे मराठीत तो सवयीचा, स्वभावाचा प्रत्यय झाला: भांडखोर, चुगलखोर, दंगलखोर. एकदा भांडलेल्या माणसाला आपण भांडखोर म्हणत नाही. भांडणे हा ज्याचा स्वभावच आहे, त्याला म्हणतो. मग आयुष्यात एकदाच, बहुधा जीव मुठीत धरून, ज्याने सीमा ओलांडली त्याला हा प्रत्यय कसा लागतो? जर्मन भाषेत असाच वाद झाला आहे. ‘फ्ल्युश्टलिंग’, म्हणजे निर्वासित, हा तिथे २०१५चा ‘वर्षाचा शब्द’ ठरला, तेव्हा त्यातल्या ‘लिंग’ या प्रत्ययाला तुच्छतेचा वास येतो, असा आक्षेप निघाला. अनेकांनी त्याऐवजी ‘पळून आलेले’ अशा अर्थाचे धातुसाधित रूप वापरायला सुरुवात केली. आपल्या ‘खोर’ला तर नुसता वास नाही, उघड शिवी आहे. तरी त्यावर आपल्याकडे कुणी दोन ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

‘घुसखोर’ हा शब्दच नको, असे माझे म्हणणे नाही. १९९९मध्ये कारगिलच्या शिखरांवर शस्त्रे घेऊन चढून बसलेल्यांना घुसखोर म्हटले गेले आणि तो शब्द तिथे नेमका होता. अडचण अशी की, इंग्रजीत सशस्त्र घुसखोराला एक शब्द आहे आणि परवान्याविना आलेल्या मजुराला दुसरा. भाषांतराच्या टेबलावर दोन्हींचा ‘घुसखोर’ होतो. मग तान्हे मूल कडेवर घेऊन आलेली बाई आणि बंदूक घेऊन आलेला माणूस वाचकाच्या मनात एकाच रांगेत उभे राहतात.

एक रात्र मी विसरू शकत नाही. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी इटलीच्या लॅम्पेदुसा बेटाजवळ एक बोट उलटली. इंजिन बंद पडले होते. मदतीसाठी खूण म्हणून कुणीतरी कापड पेटवले, आग पसरली, घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. ३६८ माणसे गेली, त्यांतली बहुतेक इरिट्रियातली. त्या बातमीचा जो मथळा माझ्याकडे तपासायला आला, त्यात ‘घुसखोरांची बोट बुडाली’ असे शब्द होते. मी ‘घुसखोरांची’मधले ऱ्हस्व-दीर्घ तपासले, अनुस्वार तपासला आणि पान पुढे पाठवले. शुद्धलेखनाची चूक नव्हतीच. दुसऱ्या दिवशी अंक हातात घेतल्यावर मला लाज वाटली. बुडालेल्या माणसांना मरणाच्या बातमीतही आपण माणसे म्हटले नव्हते. हे पत्र मी खरे तर तेव्हाच लिहायला हवे होते.

आता मुद्द्याचे. गुन्हेवृत्तात आपण किती काळजी घेतो! दोष सिद्ध होईपर्यंत ‘आरोपी’, गुन्हा दाखल होण्याआधी ‘संशयित’. खुनाच्या खटल्यातल्या माणसालाही निकालाआधी ‘खुनी’ लिहिले, तर वरिष्ठ कान धरतात. ही शिस्त विदेशवृत्ताच्या पानावर का थांबते? सीमेवर पोचलेल्या माणसाने आश्रय मागितला की त्याच्याही बाबतीत एक प्रक्रिया सुरू होते. अर्ज, मुलाखत, निर्णय, अपील. १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात आणि १९६७च्या पूरक करारात व्याख्या स्पष्ट आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या कारणांवरून छळ होईल अशी साधार भीती असलेला आणि त्यामुळे आपल्या देशाबाहेर असलेला माणूस म्हणजे निर्वासित. हा निर्णय होईपर्यंत तो ‘आश्रय मागणारा’ असतो. त्याला आधीच ‘निर्वासित’ म्हणणे ही घाई आहे, ‘घुसखोर’ म्हणणे तर निकाल देऊन मोकळे होणे आहे.

याच कराराचे ३१वे कलम फार कमी वार्ताहरांनी वाचले असावे. ज्या देशात जिवाला धोका आहे तिथून थेट आलेला निर्वासित विनापरवाना शिरला, तरी तो विलंब न लावता अधिकाऱ्यांपुढे हजर झाला आणि त्याने सबळ कारण दाखवले, तर त्या प्रवेशाबद्दल त्याला शिक्षा करू नये, असे ते कलम सांगते. करार लिहिणाऱ्यांना माहीत होते की जीव वाचवून पळणाऱ्याला व्हिसाच्या रांगेत उभे राहता येत नाही. तेव्हा ‘बेकायदा आश्रयार्थी’ असे जेव्हा छापले जाते, तेव्हा तो शब्द कठोर असण्याच्या आधी कायद्याच्या दृष्टीने चुकीचा असतो.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने यावर मला ऐकवले, ‘म्हणजे तुम्हाला सगळे गुळगुळीत हवे. कायदा मोडला तर मोडला म्हणायचे नाही का?’ जरूर म्हणावे. मला गुळगुळीत काही नको आहे. ज्याने परवाना नसताना सीमा ओलांडली, त्याने ‘बेकायदा सीमा ओलांडली’ असे स्वच्छ लिहा. फक्त ‘बेकायदा’ हा शब्द कृतीला लावा, माणसाला नको. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने एप्रिल २०१३मध्ये आपल्या शैलीपुस्तिकेत नेमका हाच बदल केला: कृती बेकायदा असू शकते, माणूस नाही. त्यांनी ‘कागदपत्रे नसलेले’ हा शब्दही सरसकट वापरायला नकार दिला, आणि मला तो नकार तितकाच महत्त्वाचा वाटतो. कारण पुष्कळांकडे कागदपत्रे असतात, फक्त मुदत संपलेला व्हिसा असतो. असा माणूस विमानाने आला, पासपोर्टवर शिक्का घेऊन सरळ दारातून आत आला आणि मुदत संपल्यावर परतला नाही. तो कुठे ‘घुसला’? त्याने नियम मोडला आहे, तेवढेच लिहा. ‘व्हिसाची मुदत संपल्यानंतरही राहिलेले’ हे शब्द लांब आहेत, पण त्यात बातमी आहे. ‘घुसखोर’ या शब्दात ती नाही.

उलट बाजूलाही चूक होते. ऑगस्ट २०१५मध्ये अल जझीरा वाहिनीने भूमध्य समुद्रातल्या माणसांसाठी ‘मायग्रंट’, म्हणजे स्थलांतरित, हा शब्द सोडत असल्याचे जाहीर केले. तो शब्द माणसांना हिणवण्याचे हत्यार झाला, असे त्यांचे म्हणणे होते. भावना समजते, पण मला तो निर्णय पटला नाही. कामासाठी, शिक्षणासाठी, लग्न करून दुसऱ्या देशात जाणे यात कमीपणा कुठला? सगळ्यांनाच निर्वासित म्हटले तर ज्याला खरोखर त्या संरक्षणाची गरज आहे, त्याचा शब्द पातळ होतो. आणि मराठीत ‘स्थलांतरित’ हा शब्द अजून स्वच्छ आहे. जागा बदललेला, एवढेच तो सांगतो. तो जपून वापरावा.

असाच आणखी एक घोटाळा ‘मानवी तस्करी’चा. संयुक्त राष्ट्रांनी २०००मध्ये यासंबंधी दोन वेगवेगळे पूरक करार केले. एक माणसांच्या शोषणासाठी होणाऱ्या व्यापाराचा, दुसरा पैसे घेऊन सीमेपार नेऊन सोडणाऱ्यांचा. पहिल्यात फसवून, धाकाने नेलेला माणूस बळी असतो. दुसऱ्यात तो स्वतः पैसे मोजतो. आपल्या पानावर दोन्ही ‘तस्करी’. कोण फसवले गेले आणि कुणी पैसे दिले, एवढे तरी वाचकाला कळायला हवे.

‘लोंढा’ या शब्दाविषयी मी फार लिहीत नाही, कारण त्यावर अनेकांनी लिहिले आहे. फक्त आकड्यांचे सांगते. २०२४च्या अखेरीस जगात सक्तीने घर सोडावे लागलेली माणसे सुमारे १२ कोटी ३२ लाख होती, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने म्हटले आहे. यांपैकी सुमारे ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात विस्थापित झालेली होती. त्यांनी कुठलीच सीमा ओलांडलेली नव्हती. जे देशाबाहेर पडले, त्यांतलेही बहुसंख्य शेजारच्याच देशात थांबतात. हा तपशील नसताना नुसते ‘कोट्यवधींचा लोंढा’ असे छापले की वाचकाला वाटते, सगळे जग एका श्रीमंत दाराकडे निघाले आहे. हे चित्र खरे नाही आणि ते शब्दाने तयार केले आहे.

पत्रकारांना हे जमत नाही, असेही नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. त्यांच्या हातांत बेड्या होत्या. त्या दिवसांत मी जी वृत्तपत्रे वाचली, त्यांत या माणसांना कुणी घुसखोर म्हटले नाही. ते ‘भारतीय’ होते, ‘तरुण’ होते. कुणी जमीन विकली, कुणी कर्ज काढले, दलालाने कुणाला कोणत्या जंगलातून चालवले, हे सारे छापून आले. कायदा मोडला होता हेही लिहिले, लपवले नाही. वाचताना राग आला, वाईटही वाटले आणि प्रश्नही पडले. ती उत्तम पत्रकारिता होती. तीच वार्ताहर मंडळी, तीच भाषा, तीच कॉलमची रुंदी. एरवी न मावणारे शब्द त्या आठवड्यात मावले. सीरियाच्या, सुदानच्या, व्हेनेझुएलाच्या माणसालाही कर्ज असते, दलाल असतो, मागे राहिलेले घर असते.

माझी विनंती छोटी आहे. आपल्याकडे शैलीपुस्तिका असेल तर त्यात हे पाच-सहा शब्द अर्थासह घाला, नसेल तर भाषांतराच्या टेबलावर एक कागद चिकटवा: आश्रय मागणारा, निर्वासित, विस्थापित, स्थलांतरित, व्हिसाची मुदत ओलांडलेला. माणसांविषयी खात्री नसेल तर ‘लोक’ लिहा. दोनच अक्षरे आहेत, कुठल्याही कॉलमात बसतील.

आणि ज्या बातमीने हे पत्र लिहायला लावले, तिचा पुढचा भाग वाचायला मिळाला तर बरे होईल. त्या होडीतल्या लोकांना कुठे उतरवले, त्यांनी आश्रयासाठी अर्ज केले का, आणि केले असतील तर त्यांचे काय झाले?

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त मुद्रितशोधक