नुसती पूड टाकून भागत नाही

महोदय,

ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडची पूड मिसळली की भाग दणकट होतो, असं आपल्या पुरवणीत वाचलं. जळगाव एमआयडीसीतल्या एका भट्टीवर मी सव्वीस वर्षं ओतकाम केलं आणि ही पूड (धारेच्या दगडात असते तीच) मुशीत टाकून पस्तावलोही, म्हणून लिहितो.

पहिल्या खेपेला पूड गोणीतून काढून तशीच टाकली. दिवस पावसाळ्याचे, पूड दमट. वितळलेल्या धातूचा रस उडाला, नशिबाने डोळे वाचले. पूड रसापेक्षा जड, तरी मळीबरोबर वरच राहिली. रस तिला भिजवतच नव्हता. ढवळून ढवळून आत कोंबली. गार झाल्यावर पट्टी मोडून भिंगाखाली धरली, तर जागोजाग रिकामे खळगे. डाळिंबाचे दाणे सुटावेत तसे कण अख्खे निघून आलेले. धातूवरचा ताण कणांपर्यंत पोचलाच नव्हता.

दुसऱ्यांदा उलटी चूक केली. चिकटावं म्हणून रस फार तापवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. चिकटलं खरं, पण कणाभोवती ॲल्युमिनियम कार्बाइडची साल धरली. ती ठिसूळ असते, आणि ओल लागली की मिथेन सोडून तिचं पांढरं पीठ होतं. आमच्या मे महिन्यात ओल कुठली? पट्ट्या ठणठणीत दिसल्या. श्रावणात कडेने भुरभुरू लागल्या.

पुढे शिकलो. पूड आधी कडक भाजायची. ओल जाते, कणावर ऑक्साइडचा पातळ थर येतो. रसात थोडं मॅग्नेशियम घालायचं, म्हणजे रस कणांना भिजवतो. मिश्रधातू सिलिकॉन भरपूर असलेला घ्यायचा, म्हणजे ती साल सहसा धरत नाही. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. त्याच्या फार वर जाऊन रेंगाळायचं नाही. धाब्याच्या घरासाठी माती तुडवताना आजी भुसा दोन दिवस भिजू द्यायची, कोरडा भुसा माती धरत नाही म्हणायची. आम्हाला तेवढं कळायला दोन मुशी वाया घालवाव्या लागल्या.

पुरवणीत पूड किती टक्के टाकली ते ठळक छापलंय. ती भाजली होती का, रस किती तापला, किती वेळ ठेवला, हेही विचारा. आणि मोडलेल्या तुकड्याचा फोटो मागा, चकाकत्या भागाचा नको.

– एक निवृत्त ओतारी, जळगाव