नंदे, भिंगरीबद्दल लिहायचं होतं

प्रिय नंदे,

मी कुत्री पाळली आहे. हो, मी. मोत्यानंतर घरात जनावर आणणार नाही असं मी म्हणाले होते, आणि ते वाक्य मला ऐकवायला तू इतकी वर्षं टपून बसली आहेस. तेव्हा ऐकव एकदाचं. पण आधी पत्र पूर्ण वाच. मोत्याला ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यापुढे यातलं निम्मंसुद्धा माझ्या तोंडून निघत नाही.

तिचं नाव भिंगरी. डिस्टेंपरमधून, म्हणजे कुत्र्यांच्या त्या विषाणूच्या आजारातून, उठलेली आहे.

हो, आपल्या मोत्याला झालेला तोच डिस्टेंपर. आता तू पत्र खाली ठेवशील, चष्मा काढशील आणि म्हणशील, 'हिला वेड लागलंय.' म्हण. आणि पुन्हा उचल.

माझी तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच, आईचं बीपी गोळ्यांवर. झालं तब्येतीचं.

प्राण्यांच्या निवाऱ्यात मी कुंदाबरोबर गेले होते. मांजर तिला हवं होतं, मला काहीच नको होतं. शेवटच्या खोलीत ही बसलेली. बसलेली म्हणजे, पुढचा डावा पाय आणि मान सारखी उडतेय, आणि ती आमच्याकडे बघतेय. दर सेकंदाला एक झटका, त्याच पायाला, त्याच लयीत. तिथला मुलगा म्हणाला, 'ताई, हिला कुणी नेत नाही, बघायला आलेले लोक दारातूनच मागे फिरतात.' मी मागे फिरले नाही, कारण तो झटका मला ओळखीचा होता. आपण दोघींनी तो मागच्या जिन्याखाली रात्र-रात्र बघितलाय. फरक एवढाच, की ही त्या झटक्यासकट उठून माझ्याकडे चालत आली.

आता खरं सांगते, आणताना मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याची, की हिला दुखत असेल का. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस तेच विचारतो. 'अहो, किती हाल चाललेत बिचारीचे, सोडवा की तिला.' प्रभाताई तर दारात उभ्या राहून रडल्या. आमच्या डॉक्टर म्हणाल्या की या झटक्याचं दुखत नाही. आपल्याला उचकी लागते तसं समजा, म्हणाल्या, थांबवता येत नाही इतकंच. विषाणूनं मेंदूतल्या किंवा मणक्यातल्या काही पेशी बिघडवून ठेवल्यात, त्या आपल्या आपण ठोके देत राहतात. झोपेतसुद्धा थांबत नाहीत. औषधानं जात नाहीत, बहुतेक जन्मभर राहतात, क्वचित थोडे मंदावतात. रात्री मी तिच्या खांद्यावर हात ठेवते. ती गाढ झोपलेली असते, श्वास संथ चाललेला असतो, आणि माझ्या हाताखाली तो पाय आपलं काम करत असतो. पहिले काही दिवस मला झोप आली नाही. आता तो ठोका लागला नाही तर जाग येते.

तिचे दात तुला दाखवायला हवेत. वरचे सुळे नीट, पण पुढचे दात खडबडीत, मध्येच खड्डे पडलेले, तपकिरी. मला वाटलं किडलेत. डॉक्टरांनी ओठ वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, ही पाच-सहा महिन्यांची व्हायच्या आधीच आजारी पडली होती. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हा त्यांच्यावर कवच चढत असतं. नेमक्या त्याच वेळी हा विषाणू आला, तर कवच बनवणाऱ्या पेशीच मरतात, आणि तो दात पुढे कायम तसाच उघडा बाहेर येतो. नंदे, तिची आई कोण, ती कुठं जन्मली, तिला कुणी टाकलं, यातलं काही कुणाला माहीत नाही. तिच्या लहानपणाची एकच नोंद आहे आणि ती तिच्या तोंडात आहे. मी घरी येऊन खूप रडले.

पायांच्या गाद्याही आणली तेव्हा टणक होत्या. फरशीवर चालली की टकटक वाजायचं, नाकसुद्धा वरून सुकून भेगाळलेलं. हेही त्या रोगाचंच. आता हळूहळू मऊ पडतायत. डोळे मात्र नाहीत सुधारले. डोळ्यांत पाणीच पुरेसं होत नाही. डॉक्टर कागदाची बारीक पट्टी पापणीत अडकवतात आणि एक मिनिट थांबतात. १५ मिलिमीटरच्या पुढे पट्टी भिजायला हवी, हिची जेमतेम टोकाला भिजली. म्हणून दिवसातून कितीतरी वेळा थेंब आणि दोनदा मलम. थेंब घालताना ती माझ्या मांडीवर डोकं टाकते आणि शेपटी हलवते. मोत्या गोळीसाठी तुझी करंगळी फोडायचा, आठवतं? आणि तू म्हणायचीस, 'मला चावतो, हिला चाटतो, याला वशिला आहे.' होताच वशिला.

आता मूळ गोष्टीवर येते. इतका वेळ मी ती टाळतेय हे तुला कळलंच असेल.

भिंगरीला फिट येतात.

निवाऱ्यात आल्या नव्हत्या, इथं येऊन ती रुळली, वजन भरलं, आणि मग पहिली आली. मध्यरात्र होती. आधी नुसता जबडा, जणू काही चघळतेय, चप-चप असा आवाज. मी दिवा लावला तर तोंडाला फेस, मग ती आडवी झाली आणि चारही पाय पोहल्यासारखे चालायला लागले. लघवी झाली. मी तिच्या तोंडात हात घातला नाही, तिला दाबून धरलं नाही, फक्त उशी डोक्याखाली सरकवली आणि घड्याळाकडे बघत बसले. दीड मिनिट. बाई गं, ते दीड मिनिट! पाच मिनिटांच्या वर गेलं तर धावायचं, किंवा एका दिवसात एकामागून एक आल्या तर धावायचं, हे मला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी जागेवर टिकले. मग ती उठली आणि मला ओळखेना. भिंतीला धडकत गोल-गोल फिरत राहिली, दिसत नसल्यासारखी. बऱ्याच वेळानं माझ्या पायाशी येऊन वास घेतला आणि धपकन बसली.

तेव्हापासून बारा-बारा तासांनी गोळी. एकही चुकवायची नाही, आणि मनानं बंद तर मुळीच करायची नाही, एकदम सोडली तर फिट उलटून जोरात येतात. गोळीनं तहान वाढलीय, भूक तर विचारूच नकोस, ताट पुसूनही माझ्या तोंडाकडे बघत बसते. यकृतासाठी अधूनमधून रक्त तपासावं लागतं. फिट बऱ्याच कमी झाल्यात. पायाच्या झटक्यावर त्या गोळीचा काही परिणाम नाही. ते वेगळं, हे वेगळं, हे कळायलाच मला वेळ लागला.

माझी काळजी ही आहे, नंदे. डॉक्टरांनी मला गोड बोलून फसवलं नाही. ताप जातो, खोकला जातो, जुलाब थांबतात, कुत्रं बरं झालं म्हणून सगळे सुस्कारा टाकतात, आणि मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, मेंदूचं सुरू होतं. नसांवरचं आवरण झडत जातं. काहींचं तिथंच थांबतं आणि ती झटक्यांसकट, फिटसकट वर्षानुवर्षं मजेत जगतात. काहींचं पुढं सरकत राहतं. हिचं कुठलं, ते आज कुणी सांगू शकत नाही. म्हणून मी तिच्याकडे सारखी बघत असते. कालच्यापेक्षा मान जास्त उडतेय का? मागचा पाय वळताना घसरला तो फरशीमुळे की आणखी कशामुळे? फोनवर तिचे चालतानाचे व्हिडिओ काढून ठेवते आणि जुने-नवे शेजारी लावून बघते. कुंदा म्हणते मी तिला जगू देत नाहीये. कुंदाचं मांजर ठणठणीत आहे, तिला बोलायला काय जातंय.

मोत्याबद्दल बोलू दे आता. आपण त्या दिवसाबद्दल कधी धड बोललोच नाही. भांडलो, मग अबोला धरला, मग कुंदाच्या लग्नात बटाटे सोलता सोलता काही न बोलता गट्टी झाली. मोत्याच्या फिट थांबतच नव्हत्या हे मला माहीत आहे. त्याला गिळता येत नव्हतं, उभं राहता येत नव्हतं. अशा कुत्र्याला कायमचं झोपवावं असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेच आजचे डॉक्टरही सांगतात, मी विचारून घेतलंय. त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही. तू माझ्यासाठी थांबली नाहीस, ही तक्रार आहे, आणि ती मी मागे घेणार नाही. मी संध्याकाळच्या गाडीनं पोचत होते. तू म्हणालीस, 'त्याला संध्याकाळपर्यंत ठेवणं मला जमलं नसतं.' ते खरंच असेल. माझंही खरं आहे. दोन्ही राहू देत.

पण बघ, तेव्हा कळलं कुणाला? तुला. मी असते तर आणखी एक दिवस, आणखी एक इंजेक्शन करत बसले असते. भिंगरी आज जेवते, दारापर्यंत पळत येते (वाकडी, पण पळत), बॉल शोधते, उन्हात पाय ताणून झोपते. आज हा प्रश्नच नाही, आणि जे लोक तिच्या पायाकडे बघून 'सोडवा' म्हणतात त्यांना मी दारातूनच वाटेला लावते. पण उद्या खरोखर प्रश्न आलाच, तर तिच्याकडे बघून मला खरं सांगणारं माणूस हवं. ते तू आहेस. फक्त या वेळी मी तिथं असेन, तिचं डोकं माझ्या मांडीवर असेल, आणि तू माझ्यासाठी थांबशील. एवढं कबूल कर.

आणि एक राग काढू दे, नाहीतर झोप येणार नाही. हा रोग विषाणूनं होतो हे कारे नावाच्या फ्रेंच पशुवैद्यानं १९०५ मध्ये दाखवून दिलं. लस कित्येक पिढ्यांपासून आहे. हा आपल्या गोवराच्याच कुळातला. त्याच कुळातली गुरांची बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, लसीच्या जोरावर. डिस्टेंपर तसा संपवणं अवघड, तो कोल्ह्या-लांडग्यांत फिरतो, सिंहांनाही होतो. पण घरातलं पिल्लू वाचवणं अवघड नाही गं! कुणीतरी भिंगरीला वेळेवर सुया टोचल्या असत्या तर तिचे दात पांढरे असते.

म्हणून तुझ्या लेकीच्या पिल्लाबद्दल. तू चार ओळींत उरकलंस, 'एक लस झालीय, बघू पुढचं.' बघू नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते तोवर ती लसीचाच पाडाव करते, आणि ती नेमकी कधी ओसरते ते पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं होईपर्यंत द्यायची, आणि मग वर्षभरात आणखी एक. तोवर त्याला अनोळखी कुत्र्यांत सोडू नका. भिंगरीची भीती बाळगू नकोस, तिची तपासणी करून घेतलीय, विषाणू आता तिच्यातून बाहेर पडत नाही. आणि माणसाला हा होत नाही, हे तुझ्या सासूबाईंनाही सांग. खालच्या मजल्यावरच्यांना मी हेच सांगून थकले. घरभर फिनेल ओतत बसले होते. हा विषाणू उन्हात आणि साध्या साबणातही फार टिकत नाही.

तुझी नवी नोकरी, बढती, सगळं वाचलं, फार आनंद झाला. आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? दिलीपचं ते प्रकरण मिटलं की नाही, सविस्तर लिही, मी विचारायची राहिले असं म्हणू नकोस.

सुट्टी मिळाली की ये. पिल्लाच्या सगळ्या सुया झाल्या असतील तर त्यालाही आण. भिंगरीला कुत्री आवडतात, धडपडत का होईना, खेळते. ती पहिल्यांदा पाय उडवत तुझ्याकडे येईल तेव्हा तू तोंड फिरवशील असं मला वाटतं. फिरव, पण मग परत बघ. दिवसभर बघ तिच्याकडे, आणि तुला काय दिसलं ते मला सांग. मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस.

आणि रात्री फोन बंद करून झोपायची तुझी सवय आहे ना, ती आता सोड.

तुझीच,
मीना